आमचे मामा रोज सकाळी नेटवर असतात

आमचे मामा रोज सकाळी सात वाजता नेटवर असतात.

हे मी ऑफिसात कुणाला सांगितलं की समोरचा लगेच ओळखीचं हसतो. "आमचे बाबापण! गुलाबाचं फूल, वाफाळता चहा आणि खाली सुविचार, हो ना?" नाही हो. मामांच्या नेटवर फूल नाही, चहा नाही आणि सुविचार तर मुळीच नाहीत. तिथे फक्त एक बारीक, एकसुरी शिट्टी असते. कधी तुटक, कधी लांब. डिट आणि डा. मोर्स कोड. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली तेव्हा बहुतेकांनी मोर्सचंही तेरावं मनातल्या मनात उरकून टाकलं होतं. पण मोर्स जिवंत आहे, आणि वाकडच्या एका सातव्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये रोज सकाळी तासभर मजेत नांदतंय.

नेट म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या फ्रीक्वेन्सीवर आठ-दहा रेडिओ स्टेशनं एकत्र येतात. त्यातला एक जण नेट कंट्रोल. तो एकेकाला त्याच्या कॉल साइनने हाक मारतो. ज्याला हाक मारली तो उत्तर देतो, बाकीचे गप्प बसतात. मध्ये कुणी बोलायचं नाही. सगळ्यांची हजेरी झाली की मग गप्पा. फौजेच्या वायरलेसवरही साधारण असंच चालतं. मामांच्या नेटवरचे लोक मात्र हॅम आहेत, म्हणजे हौसेखातर स्वतःचं रेडिओ स्टेशन चालवणारे. त्यासाठी सरकारी परीक्षा द्यावी लागते, लायसन्स मिळतं आणि एक कॉल साइन मिळते, आपल्याकडे बहुतेक वेळा व्हीयू टू किंवा व्हीयू थ्रीने सुरू होणारी. इथे धंद्याचं बोलायचं नाही आणि गुप्त भाषेतही बोलायचं नाही.

एरवी लोकांना हॅम आठवतात ते फक्त संकटात. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा हॅम लोक रेडिओ घेऊन तिथे पोचले होते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानचे फोन बंद पडले, तेव्हा आधीपासून पोर्ट ब्लेअरला गेलेल्या भारती प्रसाद आणि त्यांच्या चमूच्या रेडिओवरून निरोप बाहेर गेले. पण संकट काही रोज येत नाही. आणि आमच्या मामांचा प्रश्न रोजचा होता.

मामा सातारा जिल्ह्यातले. १९८३ साली भरती झाले आणि सिग्नल्समध्ये गेले. सिग्नल्स म्हणजे फौजेचं टेलिफोन-वायरलेसचं खातं. १९११ साली उभी राहिलेली कोअर, ब्रीदवाक्य 'तीव्र चौकस'. मामांचं ट्रेनिंग जबलपूरला झालं. तिथल्या उस्तादांनी महिनोन् महिने हेडफोनमधून डिट-डा कानात ओतलं. "पहिलं दोन म्हैने रातच्याला झोपंत पण बोटं हालायची," असं मामा सांगतात. चोवीस वर्षं नोकरी करून २००७ मध्ये हवालदार म्हणून पेन्शन आले. वय वर्षं त्रेचाळीस.

त्रेचाळीस! आपल्या लायनीत त्रेचाळिसाव्या वर्षी माणूस डायरेक्टर व्हायच्या गोष्टी करत असतो. फौजेतला साधा जवान तर कितीदा चाळिशीच्या आतच घरी येतो. पुढचं अर्धं आयुष्य 'माजी' हे विशेषण लावून काढायचं.

मामांना ते तेव्हा जड गेलं नाही, कारण ते गावी परतले. साताऱ्याकडच्या गावांत फौजी काही नवलाचा प्राणी नाही. त्याच जिल्ह्यात अपशिंगे आहे, ज्याला लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात आणि जिथले सेहेचाळीस जण पहिल्या महायुद्धात कामी आले. मामांच्या गावातही संध्याकाळी पारावर चार जण जमले तर त्यातले तीन वेगवेगळ्या पलटणींतले निघायचे. मामा दिवसा एका बँकेत गार्डची नोकरी करायचे आणि संध्याकाळी पारावर बसायचे. झालं.

२०१९ मध्ये मामी गेली आणि मामेभावाने मामांना पुण्यात आणलं. मुलगा चांगला, सून चांगली, फ्लॅट हवेशीर. तक्रार करावी असं काहीच नाही, त्यामुळे मामा तक्रार करत नव्हते. फक्त बोलणं कमी झालं. सोसायटीच्या गेटवर एक वॉचमन होते, महार रेजिमेंटमधून रिटायर झालेले. मामा रोज संध्याकाळी खाली जाऊन त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचे. मी दोन-तीनदा पाहिलंय, अर्धा अर्धा तास दोघं एक शब्द बोलत नसत. गाडी आली की ते उठून बॅरियर वर करायचे, परत येऊन बसायचे. मामा परत येताना एकदम फ्रेश!

मग एका महिन्याच्या एक तारखेला गेटवर वेगळाच माणूस. सिक्युरिटीची एजन्सी बदलली होती. मामांनी सोसायटीच्या ऑफिसात जाऊन विचारलं, जुने वॉचमन कुठे गेले? माहीत नाही. फोन नंबर? एजन्सीकडे असेल. एजन्सीचा नंबर? आता ती एजन्सी नाही ना काका. मामा वर आले आणि मला म्हणाले, "तीन वर्सं दारात हुता माणूस. कुटं गेला ह्ये कुनालाच म्हाईत न्हाई?"

ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. दुःख मित्र गेल्याचं होतंच. पण मामांना धक्का बसला होता तो वेगळ्या गोष्टीचा. एक माणूस जागेवरून नाहीसा होतो आणि एकालाही तो मोजावासा वाटत नाही, हे त्यांच्या हिशेबात बसतच नव्हतं. चोवीस वर्षं त्यांनी रोज संध्याकाळी रोल कॉल दिला होता. तिथे एक माणूस कमी भरला तर सगळं थांबतं.

आता माझा प्रवेश. २०२२ च्या दिवाळीत मी एक आरटीएल-एसडीआर डोंगल घेतलं. पेन ड्राइव्हएवढी वस्तू. लॅपटॉपला लावायची, तिला एक लांब वायर जोडायची, की लॅपटॉपचा रेडिओ होतो. मामांच्या फ्लॅटची गॅलरी मोकळ्या बाजूला, म्हणून प्रयोग तिथे. वायर गॅलरीतून सोडली आणि ४० मीटरचा बँड लावला. आधी नुसती खरखर. (एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, सेट टॉप बॉक्स, शहरातली प्रत्येक स्वस्त वस्तू या बँडवर कचरा टाकते. अर्ध्या घराचे प्लग काढले तेव्हा कुठे जरा शांत झालं.) मग त्या खरखरीतून शिट्टी आली. मी मोर्स वाचणारं सॉफ्टवेअर चालू केलं. त्याने स्क्रीनवर जे काही उमटवलं ते वाचून 'टायपिस्टच्या कीबोर्डवर मांजर चाललं' एवढाच अर्थ निघत होता.

मागे मामा उभे होते. त्यांनी टेबलावरचा पेपर उलटा केला, माझ्या खिशातलं पेन काढलं आणि समासात लिहायला लागले. इंग्रजी कॅपिटल अक्षरं, न थांबता, डोळे भिंतीकडे. दोन ओळी झाल्यावर म्हणाले, "ह्यो केरळातला हाय. कोल्लमचा. दुसऱ्याला इचारतोय पाऊस हाय का." मोर्सपासून सुटून पंधरा वर्षं झाली होती.

पुढचं थोडक्यात सांगतो. मामांना परीक्षेला बसवलं. जनरल ग्रेडला मिनिटाला आठ शब्दांचा मोर्स यावा लागतो. तो त्यांच्यासाठी मूल चालायला शिकवताना धरतात तसला वेग होता. थिअरीसाठी रोज फोनवर ओहमचा नियम आणि रेझोनन्स. पास झाले. लायसन्स यायला काही महिने गेले. सेट घेतला मायक्रोबिटएक्स, हैदराबादच्या अशर फरहान यांनी डिझाइन केलेला. पॉवर जेमतेम दहा वॅट, म्हणजे घरातल्या एका एलईडी बल्बाएवढी. गच्चीवर वायर बांधायला सोसायटीच्या सेक्रेटरींनी आधी नकार दिला, मग मामांनी त्यांना वर नेऊन तासभर समजावलं, आणि आता सेक्रेटरी आल्यागेल्याला ती वायर दाखवतात.

तर, नेट. मामांना सापडलेल्या या सकाळच्या नेटवर दहा-अकरा जण आहेत. बहुतेक साठीच्या पुढचे. सिग्नल्सचे पाच-सहा, नेव्हीचे दोन, मालवाहू जहाजावर रेडिओ ऑफिसर असलेले एक, तारखात्यातून रिटायर झालेले एक. कोल्लम, बेळगाव, विशाखापट्टणम, भोपाळ, असे कुठे कुठे. गंमत म्हणजे एकशे दहा किलोमीटरवरचा सातारा या बँडवर सकाळी ऐकू येईलच असं नाही, पण हजारभर किलोमीटरवरचं कोल्लम शेजारच्या खोलीतून आल्यासारखं येतं. लहरी वर आयनोस्फिअरला आपटून लांब खाली उतरतात, मधला पट्टा कोरडा राहतो. जवळचं न ऐकू येणं आणि लांबचं स्पष्ट येणं. यावर मी काही भाष्य करत नाही, तुम्ही समजून घ्या :)

मामांनी यातल्या कुणालाही पाहिलेलं नाही. तरी ते प्रत्येकाला ओळखतात. मोर्समध्ये डा हा तीन डिटांएवढा लांब असतो, दोन अक्षरांमध्ये तीन डिटांची जागा, दोन शब्दांमध्ये सात डिटांची. म्हणजे गप्प बसण्यालाही माप आहे. पण माणूस मशीन नसतो, त्याचं माप किंचित हलतं. कुणाचा डा लांबतो, कुणी शब्दानंतर जरा जास्त थांबतो. इंग्रजीत याला 'फिस्ट' म्हणतात, मामा 'हात' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मन वायरलेस चोरून ऐकणारे ब्रिटिश ऑपरेटर हातावरून समोरचा ऑपरेटर ओळखायचे आणि तो हात दुसरीकडून ऐकू आला की ती तुकडी हलली असं समजायचे. मामा सकाळी चहा पिता पिता सांगतात, "भोपाळवाल्याचा हात आज दुखतोय बघ." आणि खरंच त्याचा खांदा धरलेला असतो.

हॅममध्ये रँक नसते. सगळे एकमेकांना 'ओएम' म्हणतात, म्हणजे 'ओल्ड मॅन'. सोळा वर्षांचा पोरगा असला तरी ओएम. या नेटवर एक रिटायर्ड कर्नल आहेत. मामांनी पहिल्या दिवशी त्यांना 'गुड मॉर्निंग सर' पाठवलं. कर्नलसाहेबांनी उत्तर दिलं, 'इथे सर नाही, ओएम.' मामा दुसऱ्या दिवशी परत 'सर'. कर्नल परत 'ओएम'. असं तीन महिने चाललं. शेवटी मामांनी तोडगा काढला. ते कर्नलसाहेबांना कशानेच संबोधत नाहीत, नुसती कॉल साइन पाठवतात आणि खुर्चीत जरा ताठ बसतात. मी म्हटलं, मामा, त्यांना दिसत नाही तुम्ही कसे बसलाय. "त्यांना न्हाई दिसत. मला दिसतंय की."

आणि बोलतात काय? मला सुरुवातीला वाटायचं, कारगिल, श्रीलंका, सियाचेनचे किस्से चालत असतील. जवळजवळ नाहीच. पाऊस आहे का. अँटेना पडली, परत बांधली. गुडघा. नातीची बारावी. सिग्नल कसा येतोय. तासाभराच्या गप्पांचा मजकूर छापला तर पोस्टकार्डावर मावेल. सेबॅस्टियन युंगर नावाच्या अमेरिकन पत्रकाराचं 'ट्राइब' हे पुस्तक २०१६ मध्ये आलं. त्याचं म्हणणं असं की परतलेल्या सैनिकाला युद्धाची नव्हे, तिथल्या जवळिकीची आठवण छळते. पटतं. पण मामांकडे बघून मला वाटतं की जवळीक हा शब्दसुद्धा जरा मोठाच आहे. हे लोक मनं मोकळी वगैरे करत नाहीत. हाक आली की 'ओ' द्यायची, एवढंच करतात. आणि कुणी 'ओ' दिली नाही तर ते कळतं.

याचा पुरावा आम्हाला एका पहाटे मिळाला. सोसायटीजवळचा ट्रान्सफॉर्मर उडाला. रेडिओ बंद, मामांचा मोबाइल रात्रीच संपलेला. नेट कंट्रोलने तीनदा हाक मारली, उत्तर नाही. सात चाळीसला मामेभावाचा फोन वाजला. मल्याळी वळणाची हिंदी. "हवलदार साब ठीक है ना?" मामेभाऊ अर्धवट झोपेत. म्हणाला, हो, म्हणजे, थांबा, बघतो. आणि उठून शेजारच्या खोलीत गेला. मामा अंधारात रेडिओसमोर चिडून बसले होते. पाच मिनिटांनी बेळगावहून फोन. मग भोपाळ. मामेभाऊ मला नंतर म्हणाला, "भिंतीच्या अलीकडे मी होतो यार. मला कोल्लमहून कळलं." पुढच्या शनिवारी तो स्वतः जाऊन मामांसाठी बॅटरी घेऊन आला.

११ मे २०२४ ला तर कमाल झाली. आठवत असेल तुम्हाला, सौर वादळ आलं होतं, लडाखमध्ये हानलेच्या आकाशात लाल प्रकाश दिसला होता. त्या शनिवारी सकाळी सातच्या सुमारास सूर्यावर आणखी एक जबरदस्त स्फोट झाला आणि मामांच्या बँडवर कुणाचं काही ऐकू येईना. मी फोनवर मामांना एक्स-रे, आयनोस्फिअर वगैरे समजावलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि फोन ठेवला, कारण नेट कंट्रोलचा फोन येत होता. त्या गृहस्थाने साडेनऊपर्यंत अकराच्या अकरा जणांना एकेक फोन लावून हजेरी पूर्ण केली. सूर्य गेला उडत.

गेल्या वर्षी जानेवारीत विशाखापट्टणमचे नेव्हीवाले उत्तर देईनात. पहिल्या दिवशी फोनही उचलला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीने उचलला, आयसीयूत आहेत म्हणाली. पाचव्या दिवशी तिनेच कळवलं. हॅम लोक मेलेल्याला मेला म्हणत नाहीत, 'सायलेंट की' म्हणतात. मोर्सची कळ गप्प झाली.

मी योगायोगाने त्या रात्री मामांकडेच राहिलो होतो. एरवी मामा नेटवर बनियन आणि लुंगीत बसतात. त्या सकाळी साडेसहाला त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, पॅंटमध्ये खोचला, बूट घातले. घरात, बेडरूममध्ये, बूट. सातला हजेरी सुरू झाली. नेट कंट्रोलने नेव्हीवाल्यांची कॉल साइन त्यांच्या क्रमाने पाठवली. आणि थांबला. मिनिटभर कुणी की दाबली नाही. खरखर ऐकू येत होती, खाली कुणाची तरी स्कूटर चालू होत नव्हती. मग पुढची कॉल साइन. ती भोपाळची. भोपाळने 'ओ' दिली. मग मामांनी दिली. मामांचा हात त्या दिवशी हलला की नाही ते मला कळलं नाही, माझा कान तेवढा तयार नाही. बाकीच्यांना कळलं असणार.

नेट संपल्यावर चहा पिताना मामांनी मला विचारलं, "तू हापिसात न्हाई गेलास एखाद्या दिवशी, तर किती वाजता कळतंय?"

मी प्रामाणिकपणे हिशेब केला. घरून काम, स्टँडअप अकराला, नेटवर्क खराब असेल म्हणून पहिला दिवस सोडून देतील. नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होईल, पण सगळ्यांचाच होत असतो. "दुपारपर्यंत," मी म्हटलं. मग म्हटलं, "नक्की नाही सांगता येत."

मामा "हं" म्हणाले आणि बूट काढायला लागले.

माझा मोर्स सध्या मिनिटाला पाच शब्दांवर अडकलाय. मामा दर रविवारी शिकवतात. आठ झाले की परीक्षा, मग लायसन्स, मग सातचं नेट. सकाळी सातला उठायचं म्हणजे माझ्या दृष्टीने मध्यरात्रच, पण बघू. नेव्हीवाल्यांनंतर यादीत एक जागा कमी झाली आहे आणि मामांनी माझ्याबद्दल नेट कंट्रोलला परस्पर सांगूनसुद्धा ठेवलंय.

हॅम लोक निरोप घेताना ७३ म्हणतात, म्हणजे 'बेस्ट रिगार्ड्स'. मोर्समध्ये डा डा डिट डिट डिट, डिट डिट डिट डा डा. आता एवढं तरी मला न चुकता येतं.

तर मंडळी, ७३.